पुढच्या वर्षीची पहिली निवड

ऑक्टोबरात मेरिंडलमध्ये कुणी फुटबॉल खेळत नाही, पण फुटबॉलवर सगळ्यात जास्त बोलणं होतं ते ऑक्टोबरातच. हंगाम संपलेला असतो, मैदानावर मेंढ्या चरायला सोडलेल्या असतात, आणि तिकडे शहरातले मोठे क्लब खेळाडूंची अदलाबदल करायला बसतात. हा तुम्ही घ्या, तो आम्हाला द्या, वर काय घालता ते बोला. रेडिओवर उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत दुसरा विषय नसतो.

त्या दिवसांत लॉर्ना हॅलोरन रेडिओ काखेत मारूनच हिंडायची. स्वयंपाकघरात रेडिओ, कपडे वाळत घालताना रेडिओ, कोंबड्यांच्या खुराड्यातही रेडिओ. सत्तरी उलटलेली बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मेरिंडल फुटबॉल क्लबचं कॅन्टीन तिच्या हातात. रेडिओवाले श्रोत्यांचे फोन घ्यायला लागले की पहिला फोन हिचा. ‘मेरिंडलहून लॉर्ना’ एवढं ऐकलं की तिकडचा माणूस आधीच हसायला लागायचा.

“खेळाडू द्या, प्रशिक्षक द्या, वाटलं तर मैदानावरचं छप्पर उतरवून द्या,” लॉर्ना म्हणायची, “पण पुढच्या वर्षीची पहिली निवड देऊ नका. ते बियाणं दळून खाणं झालं!”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. दर वर्षी देशभरातली अठराच्या आसपासची नवी पोरं-पोरी क्लब आपसात वाटून घेतात. ज्याचा जसा नंबर लागेल तसं तो निवडतो. पहिला नंबर असला तर हाताला सोनं लागतं, शेवटचा असला तर चाळणीत उरलेलं. आणि हा नंबर क्लब एकमेकांना देऊन टाकू शकतात, पुढच्या वर्षीचासुद्धा, आधीच. आज तयार खेळाडू मिळतोय ना, मग उद्याचं उद्या बघू. लॉर्नाला याचीच चीड.

मेरिंडलसारख्या गावच्या क्लबाला असली निवड-बिवड नसते. गावात जे जन्माला येतं ते खेळतं. त्या वर्षी मेरिंडल झाडून सगळे सामने हरलं होतं. आपल्याकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातानं झेलून पायानं मारतात, आणि समोरच्याच्या गोलच्या तोंडाशी उभा राहून ते करणारा माणूसच संघात नव्हता. जो होता तो क्वीन्सलंडला खाणीत निघून गेला. लीगवाल्यांनी सांगून टाकलं होतं की आणखी एक असा हंगाम गेला तर क्लबाला टाळं लागेल.

म्हणून त्या दुपारी पबमध्ये मंडळी जरा जास्तच पीत होती, आणि जरा जास्तच हसत होती.

ऑक्टोबरात पबच्या मागच्या टेबलावर त्यांचा एक खेळ चालायचा. तेही अदलाबदल करायचे, पण गावच्या माणसांची. शेजारच्या गावाला आपला आळशी पोलीस द्यायचा आणि बदल्यात त्यांची दाताची डॉक्टरीण घ्यायची. असलं काहीबाही. समोरच्या गावातर्फे कुणीतरी बसायचं, मेरिंडलतर्फे नेहमी लॉर्ना. हातात हात दिला की सौदा पक्का, मग माघार नाही. फसला त्यानं सगळ्यांना बिअर पाजायची.

“आता खरं सांग लॉर्ना,” क्लबाचा अध्यक्ष कॉल ट्रिलोर म्हणाला. कॉल मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा, मेंढ्यांची लोकर कातरून कातरून कमरेत वाकलेला. “हे पोलीस नि डॉक्टर राहू देत. मला गोल मारणारा आणून दे.”

“कुठून आणू? झाडाला लागतात?”

“डॅलरीकडे माग. त्यांच्याकडे विन स्किहन आहे की.”

टेबलावर हशा पिकला. विन म्हणजे जुन्या डॅलरीचा गाजलेला गोल मारणारा. डॅलरी दरीच्या वरच्या अंगाला होतं. होतं म्हणजे लॉर्ना लहान असताना होतं. मग धरण आलं. घरं उचलून नेली, लोक पांगले, मैदानावर पाणी चढलं. डॅलरीचा क्लब बंद करायला शेवटची सभा बोलावली होती, पण पाणी ठरल्याआधी आलं, माणसं सामान हलवण्याच्या धावपळीत, आणि सभा राहूनच गेली. आपल्याकडे सभासदांनी हात वर केल्याशिवाय क्लब मरत नाही. त्यामुळे जुनी माणसं थट्टेनं म्हणायची, डॅलरी अजून लीगमध्ये आहे, फक्त त्यांचं मैदान जरा ओलं आहे.

त्या वर्षी दुष्काळानं पाणी इतकं खाली गेलं होतं की डॅलरीच्या मैदानाचे गोलखांब चिखलातून वर आले होते. मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. लोक गाड्या घेऊन बघायला जात होते.

“बरं!” लॉर्ना उठून उभी राहिली, ग्लास टेबलावर आपटला आणि लिलाववाल्यासारखी ओरडली, “डॅलरीतर्फे कुणी हजर आहे का?”

“आहे,” दारापाशी बसलेला माणूस म्हणाला.

त्याला येताना कुणी पाहिलं नव्हतं. बारीक चणीचा माणूस, तपकिरी लोकरी कोट, गुडघ्यावर टोपी. केस कपाळाला चिकटलेले. समोर भरलेला ग्लास होता. तो उठला, टेबलाशी आला आणि लॉर्नापुढे मान लववली.

“युअर्ट. डॅलरी फुटबॉल क्लबाचा सेक्रेटरी. बोला, मिसेस हॅलोरन.”

मंडळींना हा माणूस बेहद्द आवडला. चेहऱ्यावरची रेषही न हलवता थट्टा करणारा माणूस या गावात देवमाणूस समजतात. कॉलनं त्याला खुर्ची सरकवली. तो बसला नाही.

“विन स्किहन हवाय आम्हाला,” लॉर्ना म्हणाली. “बदल्यात आमचा कॉल घ्या. दात स्वतःचे आहेत.”

“चार,” कुणीतरी म्हणालं.

“आमच्याकडे माणसं भरपूर आहेत, मिसेस हॅलोरन. जुनी आहेत, एवढंच. आमच्याकडे नवं कुणी येत नाही.”

“मग काय हवं तुम्हाला?”

“पुढच्या वर्षीची तुमची पहिली निवड.”

टेबलावर जो गलका उठला, तो बाहेर रस्त्यावर ऐकू गेला असेल. कॉल मांडीवर थापा मारत होता. “अडकली! अडकली म्हातारी! आता कर रेडिओला फोन!”

लॉर्नाही हसली. पण सगळे तिच्याकडे बघत होते आणि तिला खेळात हरायची सवय नव्हती. तिनं मनाशी हिशोब केला. मेरिंडलकडे पहिली निवड नाही, दुसरी नाही, कुठलीच नाही. जे नाहीच, ते देण्यात काय जातंय? उलट हा दीडशहाणा फसला. डॅलरीचा विन द्यायचा झाला तर आणणार कुठून?

“दिली,” ती म्हणाली आणि हात पुढे केला.

त्याचा हात नळाखाली धरून ठेवल्यासारखा होता. त्यानं हात सोडला, टोपी घातली आणि गेला. बिअरला त्यानं ओठही लावला नव्हता. तो बसला होता त्या स्टुलाची गादी कॉलनं बोटानं दाबली तर पाणी वर आलं.

“कुत्र्यानं केलं असेल,” कॉल म्हणाला. पण कुत्रा बाहेर होता.

उन्हाळा सरताना सराव सुरू झाला तेव्हा धरणाच्या रस्त्यानं एक तरुण चालत आला. उंच, गोरा, खांदे घोड्यासारखे. अंगात बिनबाह्यांची जाड लोकरी जर्सी, पायात घोट्याच्या वरपर्यंत चढणारे बूट, असले बूट आता कुणी घालत नाही. महिनोन्‌महिने पाऊस नव्हता, आणि बुटांना ओला चिखल होता.

“मला पाठवलंय,” तो कॉलला म्हणाला. “गोलपुढे उभं राहायला.”

कॉलनं त्याच्याकडे चेंडू फेकला. तरुणानं वाकून मूठभर गवत उपटलं, उजव्या तळव्यावर चोळलं, चेंडू जमिनीवर सोडला आणि जमिनीला टेकतो न टेकतो तोच मारला. असा मारायची पद्धत जाऊन जमाना झाला. चेंडू अर्धं मैदान ओलांडून दोन उंच खांबांच्या मधून गेला आणि पलीकडच्या निलगिरीत शिरला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. कॅन्टीनच्या खिडकीत लॉर्नाच्या हातून चहाचा मग निसटला. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तिनं हेच पाहिलं होतं. हेच वाकणं, हेच गवत, हाच तळवा. धरण भरलं त्याच वर्षी विन स्किहन होडी घेऊन पाण्याखालचं गाव बघायला गेला होता. होडी तेवढी परत आली.

“नातू असेल,” कॉल म्हणाला. “चेहरा उतरतो घराण्यात.”

“विनचं लग्न झालं नव्हतं, कॉल.”

“लग्न न करता नातवंडं होतात, लॉर्ना. तुला एवढंही माहीत नाही?”

यापुढे गावात कुणी जास्त विचारलं नाही. जिंकणाऱ्या क्लबाला कान नसतात. आणि मेरिंडल जिंकायला लागलं होतं. सामन्याच्या दिवशी धरणाकडून धुकं यायचं, धुक्याबरोबर विन यायचा. त्याच्या अंगावर खेळणारे समोरच्या संघाचे गडी म्हणायचे, याच्याशी झोंबलं की हात कोपरापर्यंत बधिर होतात. सामना संपला की पोरं जिंकल्यावरचं क्लबाचं गाणं म्हणायला खोलीत गोळा व्हायची, तेव्हा विन कधीच नसायचा. लॉर्ना त्याच्यासाठी सॉसेज रोल काढून ठेवायची. नंतर बघावं तर रोल तसाच, पण भिजून लगदा झालेला.

हिवाळ्यात एकदा सामन्याआधी तो खिडकीशी एकटा उभा होता. लॉर्नानं धीर केला.

“विन, परत कधी जाणार तू?”

“परत नाही जायचं,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. “मला दिलंय. दिलेला माणूस आपण होऊन मागे जात नाही.”

“आणि माझ्याकडून ते काय घेणार?”

“निवड.”

“कुणाची रे?”

“अजून बघतायत,” विन म्हणाला आणि मैदानाकडे गेला.

लॉर्नाची नात ब्रॉन्विन तिच्याकडेच राहायची. बाप डेस, लॉर्नाचा मुलगा, पश्चिमेकडे खाणीवर. आई दुसऱ्या घरी. पोरगी सतराची, ताडमाड वाढलेली, गुडघे कायम फुटलेले. मुलींच्या लीगमध्ये तिचं नाव झालं होतं. शहरातल्या क्लबांची माणसं तिला बघायला येऊन गेली होती, आणि डिसेंबरातल्या निवडीत तिला कुणीतरी घेणार हे गावात सगळे धरून चालले होते.

विनशी बोलणं झालं त्याच आठवड्यात एका सकाळी ती घरी आली ती भुवयांपर्यंत दवानं भिजून.

“कुठे गेली होतीस?”

“धरणावर. किक मारायला. काठावर कुणी नसतं, बरं वाटतं.”

“एकटी? आणि चेंडू पाण्यात गेला म्हणजे?”

“नाही जात, नॅन.” ब्रॉन्विन टोस्टवर व्हेजिमाइट फासत होती. “धुक्यात मारते ना, तो परत येतो.”

“परत येतो म्हणजे?”

“पलीकडून कुणीतरी परत मारतं. दिसत नाही कोण ते, पण पाय झकास आहे त्याचा. थेट छातीवर येतो माझ्या.” ती हसली. “आधी जवळून मारायचा. आता रोज थोडा लांबून मारतो. मला जोखतोय बहुतेक.”

लॉर्ना खुर्चीत बसली. पलीकडे जवळपास काठच नव्हता. धरणाचा पलीकडचा काठ दुर्बिणीतून बघावा लागायचा.

त्या दिवसापासून लॉर्नाच्या जिवाला घोर लागला. तिनं बूट लपवले, ब्रॉन्विननं जुने शोधून काढले. तिनं चेंडूतली हवा काढली, पोरीनं पंपानं भरली. तिनं डेसला फोन करून पोरीला तिकडे बोलावून घे म्हणून सांगितलं, तर तो म्हणाला, “आई, हंगामाच्या मध्यात? डोकं फिरलं का तुझं? तिची निवड घालवायची आहे का?” शेवटी एका सकाळी लॉर्नानं दाराला कुलूप घातलं. ब्रॉन्विन खिडकीतून गेली. पोरीला थट्टा वाटत होती. आणि खरं सांगायचं तर तिला तिकडे ओढ लागली होती. इतकं अचूक तिच्याबरोबर आजवर कुणी खेळलंच नव्हतं.

सप्टेंबरात मेरिंडलनं अंतिम सामना जिंकला. कॉल रडला. लोकांनी लॉर्नाला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. ‘बाईनं सौदा केला!’ म्हणून पोरं ओरडत होती. खांद्यावरून तिला मैदानाच्या कडेला उभा असलेला विन दिसला. तो तिच्याकडे नव्हे, ब्रॉन्विनकडे बघत होता. ज्याला पुढचं ठाऊक आहे त्यानं बघावं, तसा.

ऑक्टोबर लागला. लॉर्नानं रेडिओ लावला नाही. गावाला वाटलं, जिंकल्यामुळे म्हातारी मवाळ झाली.

कॅन्टीन वर्षासाठी बंद करायचं होतं. भर दुपारी लॉर्ना एकटी ओटा घासत होती. बाहेर लख्ख ऊन. मैदानाच्या एका टोकाला ब्रॉन्विन गोलवर किक मारायचा सराव करत होती, चेंडूवर पायाचा ठप्प ठप्प आवाज येत होता, आणि तो ऐकून लॉर्नाला जरा बरं वाटत होतं. डोळ्यांसमोर आहे तोवर आहे.

“मिसेस हॅलोरन.”

युअर्ट खिडकीशी उभा होता. टोपी हातात. तिनं त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. मैदानाच्या त्या बाजूच्या कुंपणाला धुकं टेकलं होतं, फक्त तेवढ्याच पट्ट्यात. आणि धुक्यात कुंपणाला धरून माणसं ओळीनं उभी होती. बिनबाह्यांच्या जर्सी, खाली सोडलेले हात, भिजलेले केस. अख्खा संघ. सगळे एकाच दिशेला बघत होते.

युअर्टनं घसा साफ केला. शहरात निवडीच्या दिवशी मंचावर उभं राहून बोलतात तसं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, तो संथ बोलला.

“पहिली निवड. डॅलरी फुटबॉल क्लब. ब्रॉन्विन हॅलोरन, मेरिंडल.”

ठप्प ठप्प थांबलं. मैदानाच्या टोकाला ब्रॉन्विनच्या हातातून चेंडू गळून पडला. ती वळली आणि कुंपणाकडे चालायला लागली. घाई नव्हती. कुणी नावानं हाक मारल्यावर जावं, तशी.

“ब्रॉन!” लॉर्ना किंचाळली. “ब्रॉन्विन! इकडे ये!”

पोरीनं मागे पाहिलं नाही.

“मुलगी आहे ती!” लॉर्नानं खिडकीतून हात काढून त्याचा कोट धरला. बाहीतून तिच्या मनगटावर पाणी ओघळलं. “तुमच्या वेळी मुली खेळत नव्हत्या. मुलगी काय करणार तुम्ही?”

“काळाप्रमाणे आम्हीही शिकतो, बाई.”

“मला न्या मग. मी येते, आत्ता येते.”

“तुमच्यासाठी निवड कशाला खर्च करायची, मिसेस हॅलोरन?” तो सौम्यपणे म्हणाला. “तुम्ही वेळ झाली की येणारच आहात.”

“विन घ्या परत! सौदा मोडा!”

“खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला हलवता येत नाही. नियम तुम्हाला ठाऊक आहे. विचारा त्याला.”

विन कॅन्टीनच्या भिंतीला टेकून उन्हात उभा होता. कधी आला, कळलं नव्हतं. लॉर्नानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून चेहरा उन्हाकडे केला होता. लॉर्नाला वाटलं, तो रडतोय. त्यानं मान हलवली. नाही.

ब्रॉन्विन मैदानाच्या मध्याच्या पुढे गेली होती. कुंपणावरून एकानं हात पुढे केला.

आयुष्यभर लॉर्ना हे नियम रेडिओवर कोळून प्यायली होती. कोणत्या क्लबानं कुठे चूक केली, कुणी कुठे पळवाट काढली, तिला सगळं पाठ. आता डोकं रिकाम्या डब्यासारखं वाजत होतं. आणि त्या वाजण्यातून एकदम एक गोष्ट वर आली.

“थांबा! हिचा बाप! डेस शंभरावर सामने खेळलाय मेरिंडलकडून. बापाच्या क्लबाचा हक्क आधी. दुसऱ्यानं नाव पुकारलं तरी बापाचा क्लब आपल्या निवडी देऊन बरोबरी करून तिला ठेवून घेऊ शकतो. आहे की नाही नियम? बोला!”

युअर्टनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग टोपी छातीशी धरली. कुंपणावरचा तो पुढे आलेला हात थांबला, आणि ब्रॉन्विनही थांबली. कुंपणाच्या खालच्या दांडीवर तिचा एक पाय होता.

“आहे,” तो म्हणाला. “मेरिंडल बरोबरी करणार?”

“करणार.”

“पहिल्या निवडीची बरोबरी एका निवडीनं होत नाही, मिसेस हॅलोरन. खालच्या नंबरांच्या बऱ्याच एकत्र कराव्या लागतात, तेव्हा काटा सरळ होतो. तुमची दुसरी, तिसरी, चौथी...”

“घ्या.”

“यंदाच्या पुरणार नाहीत. पुढच्या वर्षीच्याही लागतील. त्याच्या पुढच्याही.”

कुंपणापाशी ब्रॉन्विननं दुसरा पाय उचलला.

“घ्या! घ्या म्हटलं ना!”

“कुणाकुणाच्या, ते विचारायचं नाही तुम्हाला?”

लॉर्नाला माहीत होतं की विचारलं तर तो सांगेल. नावासकट सांगेल. आणि एकदा नाव ऐकलं की मग हात पुढे होणार नाही. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याचा हात घट्ट पकडला.

“सौदा पक्का,” ती म्हणाली.

धुकं उठलं तेव्हा ब्रॉन्विन कुंपणाला धरून उभी होती आणि थरथरत होती. “नॅन, मी इथे काय करतेय?” ती ओरडली. “पाय ओले कसे झाले माझे?” लॉर्ना धावत गेली, तिला मिठीत घेतलं, घरी नेलं, बाहेर एवढं ऊन असताना शेकोटी पेटवून तिच्यापुढे बसवलं. पोरगी पुन्हा धरणावर गेली नाही. तिकडे जावंसं वाटत नाही, एवढंच म्हणायची.

डिसेंबरात शहरातल्या एका क्लबानं ब्रॉन्विनला घेतलं. पबमध्ये सगळं गाव टीव्हीपुढे दाटलं होतं. नाव पुकारलं तेव्हा पबचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. कॉलनं लॉर्नाच्या कापसासारख्या पांढऱ्या केसांवर ओठ टेकले आणि म्हणाला, “तुझ्या हाताला यश आहे बाई. तू केलेली अदलाबदल कधी फसली नाही.” लॉर्नानं त्याला बाजूला सारलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

विन पुढच्या हंगामातही आला. मेरिंडल पुन्हा जिंकायला लागलं. शनिवारी सकाळी मोठ्यांच्या आधी लहानांचे सामने असतात. नऊ वर्षांखालची पोरं, गुडघ्याच्या खाली लोंबणाऱ्या चड्ड्या, चेंडूमागे मधमाश्यांसारखा घोळका. त्या वर्षी क्लबात पोरांची भरती झाली होती तेवढी कधी झाली नव्हती. जिंकणाऱ्या क्लबात सगळ्यांना पोर घालायचं असतं. आया लांब लांबच्या गावांतून गाड्या घेऊन येत होत्या.

अर्ध्या वेळेला पोरं कॅन्टीनच्या खिडकीशी संत्र्याच्या फोडींसाठी रांग लावायची. पूर्वी लॉर्ना एकेकाला नावानं हाक मारायची, कुणाचा कान ओढायची, कुणाला म्हणायची, तुझा आजा तुझ्यापेक्षा बरा खेळायचा. आता ती फक्त फोडी कापायची. हात पुढे यायचा, ती त्यावर फोड ठेवायची. मळके हात, चिखलाचे हात, नखं कुरतडलेले हात. दुसरी, तिसरी, चौथी, कुठला कुणाचा, ती बघत नव्हती.

“लॉर्ना, जरा मोठी फोड दे की,” रांगेतला एक आवाज म्हणाला. कॉलची नात पर्ल होती, यंदाच खेळायला लागलेली, घोळक्यात सगळ्यात पुढे धावणारी. “मी गोल मारला. पाहिलास का तू?”

“पाहिला गं.”

“नाही पाहिलास. तू खालीच बघत होतीस.” पोरीनं टाचा उंचावून ओट्यावर हनुवटी टेकवली. “वर बघ की. मला ओळखलं नाहीस का?”

लॉर्नानं मोठी फोड कापली, दिसला त्या हातावर ठेवली आणि दुसरं संत्रं उचललं.